तराजू आणि सोरायसिस

उधन्याच्या मागांसाठी सूत वजनावर घेणाऱ्या आपल्या बंधूंस तराजूचे महत्त्व आम्ही काय सांगावे? परंतु सोरायसिस या त्वचारोगाच्या उपचारातही वजनाला मोल आहे. बंगळूरच्या बायोकॉनने २०१३ साली बाजारात आणलेले इटोलिझुमॅब दर किलोस १.६ मिलिग्रॅम या मानाने देतात. उस्टेकिनुमॅबची मात्रा प्रौढांस १०० किलोपर्यंत ४५, त्यापुढे ९० मिलिग्रॅम असते. ठराविक मात्रेचे औषध स्थूल देहात विरळ होते. शिवाय मेद दाह वाढवितो. म्हणून महागडे इंजेक्शनही कित्येकदा उणे पडते आणि रुग्ण निराश होऊन उपचारच सोडतो. वजन उतरल्यास गुण अधिक येतो. तेव्हा दिवसभर गादीवर बसणाऱ्या बंधूंनी औषध परस्पर न थांबविता प्रथम आपले वजन डॉक्टरांस कळवावे, ही आमची नम्र विनंती.