बेथेलचा धोंडा

नाताळ जवळ आला की शहरांतील ख्रिस्तमंदिरांवर कागदी तारे झळकू लागतात, गव्हाणीचे देखावे उभे राहतात आणि उपासनेला जागा अपुरी पडू लागते. बीड जिल्ह्यात मात्र हा सण यावयाचा तो ऐन ऊसतोडीच्या हंगामात. दसरा-दिवाळी उरकली की बालाघाटाच्या डोंगररांगांतील वाड्यातांड्यांवरून लाखो माणसे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. नवराबायको मिळून एक कोयता, असा त्यांचा हिशेब. भांडीकुंडी आणि लेकरे गाडीत घालून निघालेली ही माणसे परततात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. तोवर गावी राहतात म्हातारी माणसे आणि कुलुपे लावलेली घरे. ख्रिस्ती समाज या जिल्ह्यात संख्येने अगदी थोडा. परंतु प्रभुजन्माच्या रात्रीची घंटा येथे अशा अर्ध्या रिकाम्या गावांच्या सान्निध्यात वाजते, ही गोष्ट त्या सणाला एक वेगळाच अर्थ देऊन जाते.

कारण ख्रिस्ती धर्मशास्त्रात देवाने वाट दाखविल्याच्या ज्या कथा आहेत, त्यांतील बहुतेक घर सोडून निघालेल्या माणसांच्या आहेत. त्यांतही याकोबाची कथा बीडच्या माणसाला जितकी जवळची वाटावी, तितकी ती दुसऱ्या कोणाला वाटेल की नाही, याची शंकाच आहे.

याकोब काही साधुपुरुष नव्हे. आंधळ्या बापाला फसवून त्याने थोरल्या भावाचा आशीर्वाद लाटलेला आणि भावाच्या भयाने तो हारान प्रांती मामाकडे पळत निघालेला. वाटेत सूर्य मावळला. उशाला दुसरे काही नव्हते, म्हणून एक धोंडा घेऊन तो उघड्यावर निजला. त्या रात्री त्याने स्वप्नात पृथ्वीपासून आकाशापर्यंत पोहोचलेली शिडी पाहिली, तिच्यावरून चढणारे-उतरणारे देवदूत पाहिले आणि देवाची वाणी ऐकली. नवल असे, की त्या वाणीत दोष देणारा एकही शब्द नाही. आणि पुढची वाट कशी, मामा कसा भेटेल, मजुरी काय मिळेल, याचा तपशीलही नाही. मी तुझ्यासंगती असेन आणि तुला या भूमीत परत आणीन, एवढेच त्या आश्वासनाचे सार.

पहाटे उठून याकोबाने उशाचा तोच धोंडा उभा केला, त्यावर तेल ओतले आणि त्या ठिकाणाला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले. शिवेवरच्या धोंड्याला तेल वाहणारा आपला मराठी माणूस हे दृश्य मुळीच परके मानणार नाही. त्यानंतर याकोबाने केलेली प्रतिज्ञाही आपल्या ओळखीचीच आहे. देव मजबरोबर राहिला, त्याने मला खावयास अन्न व नेसावयास वस्त्र दिले आणि मी सुखरूप घरी परतलो, तर तोच माझा देव आणि माझ्या मिळकतीचा दशमांश त्याचा! उपकारस्तुती म्हणावी तर तिच्यात हा भलामोठा ‘तर’ बसलेला. देवाशी सौदा करण्याची माणसाची खोड फार जुनी आहे.

पुढची वीस वर्षे त्याने मामाच्या घरी राबून काढली. दिवसा ऊन, रात्री थंडी, डोळ्याला डोळा नाही. आणि मामाने त्याचे वेतन दहा वेळा बदलले, अशी त्याची तक्रार धर्मशास्त्राने जशीच्या तशी नोंदवून ठेविली आहे. उचल आणि मजुरी यांचा हिशेब हंगामाअखेरही न जुळलेल्या कोणाही तोडकऱ्याने ही तक्रार ऐकावी आणि मान डोलवावी. या वीस वर्षांत शिडी पुन्हा दिसली नाही. मार्गदर्शन होते की नव्हते, हे त्याला त्या काळात सांगता आले असते असे वाटत नाही. ते कळले मागे वळून पाहताना. मायदेशी आल्यावरही तो लगेच बेथेलला गेला नाही. वाटेत दुसरीकडेच त्याने मुक्काम ठोकला, आणि ऊठ, बेथेलला जा, असे देवालाच त्याला सांगावे लागले. या खेपेस त्याने वेदी बांधली, तेव्हा मात्र त्याच्या तोंडी ‘तर’ नव्हता.

हे बेथेल नाव मराठवाड्याला अपरिचित नाही. गेवराईच्या पुढे शहागडला गोदावरी ओलांडली, की जालन्याचा मुलूख लागतो. त्या जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती कुटुंबांची एक वसाहत वसविली आणि तिला बेथेल असे नाव दिले. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या नारायण शेषाद्रींनी १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती दीक्षा घेतली होती आणि स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने ते कार्य करीत होते. बीडप्रमाणेच जालनाही त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानचे दिवाण सालारजंग यांच्या सहानुभूतीमुळे वसाहतीला जमीन मिळाली. तेथे राहावयास आले ते बहुतांशी गावकुसाबाहेरचे, मांग आणि महार समाजांतील लोक. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटे घातलेल्या या मराठी धर्मोपदेशकाने श्रोत्यांचे लक्ष वेधून घेतले होते. त्या परिषदेपेक्षा आम्हाला मोठी वाटते ती वसाहतीच्या नावातील निवड. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या घराच्या पायरीवरही उभे राहू दिले गेले नव्हते, त्यांच्या वस्तीलाच देवाचे घर म्हणावयाचे!

मराठी ख्रिस्ती माणसाच्या ओठांवर उपकारस्तुतीची भाषा आली ती बव्हंशी नारायण वामन टिळकांच्या लेखणीतून. बीडच्या आष्टी तालुक्याला लागून असलेला अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, ही त्यांची कर्मभूमी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गोष्टी झाल्या आणि उतरताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. तो कोण होता, हे टिळकांना कधीच कळले नाही. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणूनच मराठी मंडळ्यांतील भजन ओवी-अभंगांच्या चालींवर रुळले आणि टाळ-मृदंगाला ख्रिस्तमंदिरात मानाचे स्थान मिळाले.

पण एकाला लाभलेला प्रकाश दुसऱ्याच्या घरात प्रथम अंधार घेऊन येऊ शकतो, हे टिळकांच्या चरित्राइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसेल. पतीने धर्म बदलल्याची वार्ता लक्ष्मीबाईंवर वज्राघातासारखी कोसळली. मुलाला घेऊन काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. त्या काळात देवाने टिळकांना वाट दाखविली, असे कोणी त्यांना सांगितले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते, याची कल्पना ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सहज करता येईल. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी त्यांनी पतीचा विश्वास उसना घेतला नाही. आपली शंका आपणच निरसून, आपल्या पावलांनी चालत त्या १९०० साली ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी १९०९ साली आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हयातीत अपुरेच राहिले. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले आणि त्या ओवीबद्ध ग्रंथाचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने केलेली ही उपासना! तिच्यामागे आधी किती रात्री रडण्यात गेल्या असतील, हे ध्यानी घेतल्यावाचून तिचे मोल कळणार नाही.

नाताळच्या कथेतही अशीच अंधारी जागा आहे. पूर्वेकडील ज्ञानी पुरुष ताऱ्याच्या मागोमाग यरुशलेमेस आले खरे. पण बालक कोठे आहे, हे तेथे त्यांना माणसांनाच विचारावे लागले. हेरोदाच्या दरबारातील शास्त्र्यांनी ग्रंथ पाहून अचूक उत्तर दिले, बेथलेहेम! ते गाव तेथून अवघे नऊ-दहा किलोमीटर. तरी त्या शास्त्र्यांपैकी एकही जण उठून तिकडे गेल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. परदेशीच गेले, त्यांनीच दंडवत घातला आणि सोने, ऊद व गंधरस अर्पण केला. त्यानंतर स्वप्नात सूचना मिळून ते दुसऱ्या वाटेने स्वदेशी परतले. म्हणजे नवी वाट त्यांना कळली ती उपासना करून झाल्यावर.

येत्या ३१ डिसेंबरच्या रात्री ठिकठिकाणच्या मंडळ्या सरत्या वर्षाची उपकारस्तुती आणि येत्या वर्षासाठी मार्गदर्शनाची याचना करण्यास एकत्र जमतील. काही ठिकाणी त्या वेळी धर्मशास्त्रातील वचने लिहिलेल्या चिठ्ठ्या काढण्याची प्रथा आहे. हाती येईल ते वचन वर्षभर उराशी बाळगावयाचे. या प्रथेत भाव आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु चिठ्ठीत आपल्या मनाजोगते निघावे म्हणून डोळे मिटणारा भाविक आणि ‘तर’ म्हणणारा तरुण याकोब यांत अंतर ते किती? त्याच उपासनेत एखादी वृद्धा उठून साक्ष देते, की वर्षात दुखणे आले, कर्ज झाले, पण देवाने टाकले नाही. तिचे ते चार अडखळते शब्द चिठ्ठीपेक्षा आम्हाला अधिक भरवशाचे वाटतात.

ग्रामीण मंडळ्यांत सुगीच्या सणाला वेदीपुढे ज्वारीची कणसे, हरभरा, भोपळे, प्रसंगी कोंबडेही आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. ज्याने आणले त्यालाच पुष्कळदा चढ्या बोलीने ते परत घ्यावे लागते आणि सारे हसतात. पण ज्यांच्या हातचे पीक दुसऱ्याच्या मालकीचे आणि ज्यांचा मुक्काम कारखान्याच्या तळावरील पाचटाच्या कोपीत, त्यांनी सुगी कोणत्या दिवशी साजरी करावी? त्यांचा दिवस दिनदर्शिकेत छापलेला नसतो. पाडव्याच्या सुमारास गाडी गावच्या शिवेत शिरते, घराचे कुलूप निघते, म्हातारी दारात येऊन लेकरे मोजून घेते. मग ज्याचा जेथे भाव असेल तेथे, देवळात, दर्ग्यात वा ख्रिस्तमंदिरात, नारळ, फुले वा मेणबत्ती घेऊन माणसे जातात. नाताळ होऊन तोवर तीन महिने लोटलेले असतात. याकोबाला तर बेथेलला परतावयास वीस वर्षांहून अधिक काळ लागला होता.