लंडीखान्याचं तिकीट

अंधेरीच्या तिकीट खिडकीवर कुणी ट्रॉम्ब्याचं तिकीट मागितलं, तर आतला माणूस आधी चष्म्यावरून बघेल आणि तेवढ्यात मागची रांग ओरडायला लागेल. पण असं तिकीट एके काळी मिळत असे. १९२८ साली अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्ब्यापर्यंत रेल्वे सुरू झाली आणि १९३४ साली बंदही पडली. उपनगरात जन्म काढलेल्या बहुतेकांना तिचा पत्ता नाही. एखाद्या जुन्या नकाशात मात्र ती अजून धावते आहे. नकाशाला थोडंच सांगता येतं, की बाबा रे, इथली शेवटची गाडी कधीच गेली.

ऑगस्ट १९७२ मध्ये एक मराठी वैमानिक अशाच एका मेलेल्या स्टेशनाची वाट विचारत होता. जागा खैबर खिंडीतली, पाकिस्तानात. मागे रावळपिंडीचा युद्धकैद्यांचा तळ, पुढे अफगाणिस्तानची हद्द. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप कमलाकर पारुळकर त्याचं नाव. सोबत त्याचेच दोन सहकारी, मलविंदर सिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी.

पारुळकरांची गोष्ट सांगायला बसलं की सगळे थेट या पलायनावरच येतात. मीही आलो. पण त्याआधीचं एक पदक आहे, ते विसरून चालणार नाही. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला शत्रूचा मारा लागला आणि उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून उडी घे, असा सल्ला तुकडीच्या नेत्यानं दिला. यांनी तेच विमान, तसल्या खांद्यानं, तळावर परत आणलं. त्याबद्दल वायुसेना पदक मिळालं. वैमानिकानं उडी कधी मारावी याचे नियम असतात आणि ते शहाणपणाचे असतात. तेव्हा विशीत असलेल्या या मुलानं ते बाजूला ठेवले, एवढं इथे नोंदवून पुढे जाऊ.

१९७१ च्या युद्धात ते आदमपूरच्या २६ व्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ उडवत होते. हे रशियन बनावटीचं एका इंजिनाचं विमान. धिप्पाड, दणकट, इंधनाला अतिशय हावरं. त्याचं मुख्य काम जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करण्याचं. म्हणजे खाली यायचं, तोफांच्या टप्प्यात यायचं आणि तिथून निसटायचं. मुंबईत त्या दिवसांत खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले होते. पश्चिम आघाडीवर सुखोईच्या तुकड्या रोज असे हल्ले करत होत्या आणि काही विमानं परत येत नव्हती. १० डिसेंबरला, शुक्रवारी, पारुळकरांचं विमान झफरवाल भागात पडलं. ते पॅराशूटनं उतरले आणि पकडले गेले.

रावळपिंडीच्या तळावर हवाई दलाचे एकूण बारा जण जमले. सगळ्यांत ज्येष्ठ विंग कमांडर कोएल्हो. पारुळकरांखेरीज कामत आणि चाटी हीही नावं त्यांत होती. तळाचा प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद हा सभ्य अधिकारी होता. पहिल्या नाताळला त्यानं कैद्यांसाठी केक आणल्याची आठवण त्यांच्यातल्याच स्क्वाड्रन लीडर जाफांनी नोंदवली आहे. उस्मान हमीद हे नाव लक्षात ठेवा.

युद्ध तेरा दिवसांत संपलं, कैद संपेना. २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला, तरी सुटकेची तारीख ठरली नव्हती. पूर्वेकडे शरण आलेले सुमारे ९३ हजार पाकिस्तानी भारताच्या ताब्यात होते. त्यांच्या परतीचा प्रश्न बांगलादेशाच्या मान्यतेशी जोडलेला आणि त्या गाठीत पश्चिम आघाडीवरचे कैदीही अडकलेले. कैद झाली तर पळायचं, हे पारुळकरांनी युद्धाच्या आधीच बोलून दाखवलं होतं. आता त्यांना वेळही मिळाला. जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्यानं पळण्याचा प्रयत्न करणं हा गुन्हा नाही. सापडला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, तीही जास्तीत जास्त तीस दिवसांची. कागदावर असं आहे. पण रात्री बंदूक घेऊन उभ्या असलेल्या पहारेकऱ्यानं हा करार वाचलेला असेलच असं नाही.

तयारी संसाराला लागावी तशी चालली होती. करारानुसार दरमहा स्विस फ्रँकच्या हिशोबानं पण पाकिस्तानी रुपयांत मिळणारा भत्ता साठवला. जी-सूट, म्हणजे वैमानिक अंगाला आवळून घालतात तो हवा भरायचा पोशाख, फाडून त्याच्या पिशव्यांतून पाण्याची सोय केली. सुई चुंबकानं भारून होकायंत्र बनवलं. स्थानिक पद्धतीचे कपडे मिळवले. आणि वाटेसाठी? शाळेतल्या मुलांचा असतो तसा एक अ‍ॅटलास. भारताची सीमा जवळ, पण तिथे सैन्य आणि सुरुंग. म्हणून उलट दिशेनं, पेशावरमार्गे अफगाणिस्तान गाठायचं ठरलं. अ‍ॅटलासमध्ये हद्दीजवळ रेल्वेचं शेवटचं स्टेशन छापलेलं होतं, लंडी खाना.

कोठडीच्या मागच्या भिंतीतून विटा एकेक करून निघत होत्या. चुरा खोक्यांत भरून ठेवायचा, सकाळ व्हायच्या आत भिंत होती तशी दिसली पाहिजे. बाहेरच्या प्लास्टरचा थर अपेक्षेपेक्षा चिवट निघाला आणि बेत लांबला. अखेर १२ ऑगस्टचा शनिवार निवडला. सोमवारी पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, त्यामुळे आठवडाअखेर सैल असणार हा अंदाज. मध्यरात्रीनंतर वादळ सुटलं, चौकीदार डोकं झाकून बसला आणि तिघं भोकातून बाहेर पडले. पलीकडच्या रस्त्यावर आल्यावर ते साध्या वाटसरूंसारखे चालायला लागले. पेशावरची बस मिळाली. पेशावरहून पुढे टांगा, थोडं पायी, मग लंडी कोतलची बस.

पुढचं सगळं लंडी कोतलच्या बाजारात घडलं. ते सकाळी तिथे पोचले तेव्हा हद्द चार मैलांवर होती. मुलुंडहून निघालेली स्लो लोकल नाहूर, भांडुप घेत कांजूरमार्गला पोचते, जवळपास तेवढंच अंतर. चहा घेतला आणि त्यांनी लंडी खाना कुठे, असं विचारलं. पण खैबर रेल्वेचा लंडी खान्यापर्यंतचा तुकडा १९३२ सालीच बंद झाला होता. चाळीस वर्षांत ते नाव लोकांच्या तोंडातून गेलेलं. जे स्टेशन कुणीच विचारत नाही ते विचारणारे तीन परके तरुण. त्यात त्या काळात पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेनं अफगाणिस्तानात निसटत होते, त्यामुळे बाजाराची नजर आधीच तयार होती. तहसीलदाराच्या कचेरीतल्या एका अर्जनविसानं त्यांना हटकलं.

तिघांनी आधीच नावं ठरवली होती. पारुळकर झाले फिलिप पीटर, सिंहजी हॅरॉल्ड जेकब आणि गरेवाल अली अमीर. पाकिस्तानी हवाई दलातले, लाहोरचे, सुटीवर फिरायला आलो आहोत. दोघांची नावं ख्रिस्ती ठेवण्यात अक्कल होती, नमाजाची परीक्षा झालीच तर निभावून जाईल. पण झडतीत बाकीचं सामान निघाल्यावर नावांचा उपयोग उरला नाही. त्या भागात कायदा टोळ्यांचा आणि पॉलिटिकल एजंटचा. तिघांना हेर ठरवून तिथल्या तिथे निकाल लावला असता, तर विचारायला कोण येणार होतं?

इथे पारुळकरांनी जे केलं, ते माझ्या मते भिंत फोडण्याहून मोठं आहे. मला पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीशी, म्हणजे खास सहायक अधिकाऱ्याशी, बोलायचंय, असं त्यांनी सांगितलं. तो एडीसी म्हणजे उस्मान हमीद. रावळपिंडीहून त्याची बदली त्या जागेवर झाल्याचं कैद्यांना ठाऊक होतं. फोन लागला. पारुळकरांनी आपण कोण, कुठे आहोत ते सांगून टाकलं. उस्माननं तिथल्या अधिकाऱ्यांना कळवलं, की ही माणसं आमची आहेत, ताब्यात ठेवा, पण अंगाला हात लावू नका.

पलायन तिथे फसलं आणि तिघं वाचले. शौर्यकथेत असा फोन बसत नाही. वीर शत्रूच्या हाताखालच्या माणसाला फोन लावून आपला ठावठिकाणा सांगत नसतो. पण पळून गेलेला कैदी कुठल्याच यादीत नसतो, आणि यादीत नसलेल्या माणसाचं काहीही करता येतं. त्या फोननं तिघांची नावं पुन्हा यादीत चढवली.

यादीत नाव नसणं म्हणजे काय, ते दुसऱ्या एका मराठी घराला विचारावं. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. तेही सुखोई-७ चेच वैमानिक, ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोटच्या हल्ल्यात पडले. त्या सुमाराच्या एका पाकिस्तानी वर्तमानपत्रात पकडलेल्या वैमानिकांमध्ये ‘टॉम्बे’ असं नाव छापून आलं होतं. पण ते कधीच परत आले नाहीत. सरकारच्या बेपत्तांच्या यादीत अशी ५४ नावं आहेत. पाकिस्ताननं असे कैदी आपल्याकडे असल्याचं मान्य केलं नाही. विजय यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. बेपत्तांच्या नातेवाइकांना १९८३ आणि २००७ साली पाकिस्तानातले तुरुंग दाखवण्यात आले. ते रिकाम्या हातांनी परतले.

पारुळकर आणि बाकीच्यांना पुढे लायलपूरच्या तुरुंगात हलवलं. तिथे पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष भुट्टो यांनी येऊन सुटका जाहीर केली आणि १ डिसेंबर १९७२ ला सगळे वाघा ओलांडून आले. पलायनाबद्दल पारुळकरांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. पुढे ते ग्रुप कॅप्टन झाले, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत त्यांनी प्रशिक्षणाचं कामही केलं. कॅनडाच्या फेथ जॉन्स्टन यांनी या पलायनावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातही ते चार मैल आहेत. २०१९ मध्ये हिंदी चित्रपट आला. मराठीत मात्र त्या मानानं शांतता. शिवरायांची आग्ऱ्याहून सुटका तोंडपाठ असलेल्या भाषेत हे जरा खटकतं.

१० ऑगस्ट २०२५ ला, रविवारी, पुण्यात पारुळकर गेले. भिंतीतून बाहेर पडल्याच्या त्या रात्रीला त्रेपन्न वर्षं व्हायला दोन दिवस बाकी होते. हवाई दलानं श्रद्धांजलीचा संदेश काढला. त्यात १९६५ चा खांदा होता, १९७१ च्या युद्धानंतरचं पलायन होतं, दोन्ही पदकं होती. लंडी कोतलचा फोन नव्हता.