बाबवार वाचा

"बेरीज नको भाऊसाहेब, बाबवार वाचा."

बायकांच्या बाजूने आवाज येतो आणि सभामंडपातली कुजबुज थांबते. भाऊसाहेब चष्म्यावरून पाहतात. सरकारने 2024 मध्ये त्यांच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी असं केलं, पण गावाच्या तोंडी ते भाऊसाहेबच. शेजारी सरपंचताई, त्यांच्यापुढे टेबलावर जाड पुठ्ठ्यांची दप्तरं, आणि समोर सतरंज्यांवर निम्मं गाव बसलेलं.

आज 1 मे. झेंडावंदन उरकून माणसं थेट देवळात आली आहेत. सातारा जिल्ह्यातल्या या डोंगरकडेच्या गावात मे महिन्यात घरं उघडतात. माथाडीतून निवृत्त झालेले, मुंबईत नोकरीला असलेले, सुट्टीला पोरंबाळं घेऊन आलेले, असे सगळे मुंबईकर उजव्या बाजूला एकत्र बसले आहेत. आर्थिक वर्षातली ही पहिली ग्रामसभा. ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे पहिल्या सभेपुढे गेल्या वर्षाचा जमाखर्च, लेखापरीक्षणातले शेरे आणि चालू वर्षाचा विकासाचा कार्यक्रम ठेवावाच लागतो. लग्नसराईत, उन्हाच्या कारात लोक इथे बसून राहिले आहेत ते त्यासाठीच.

हजेरीचं रजिस्टर एका तरुणाच्या मांडीवर आहे आणि तो ते पुढे सरकू देत नाही. "मागच्या टायमाला सह्या घेतल्या, नारळ फुटला, सभा संपली. ठराव काय झाले ते आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. आज वाचन झाल्यावर सह्या."

"आरं बाबा, गणपूर्ती झाली न्हाई तर सभा तहकूब हुईल," एक माजी सदस्य त्याला समजावतात. "तहकूब सभेला गणपूर्ती लागत न्हाई. मग दहा माणसांत सगळं मंजूर. ते पायजे का तुला?"

मुद्दा बिनतोड आहे. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी तेवढी माणसं हजर लागतात, आणि ती भरली नाहीत तर पुढची सभा कितीही थोड्या लोकांत चालते. शेवटी तोड निघते. रजिस्टर फिरू द्यायचं, पण त्याच वेळी वाचन सुरू करायचं आणि कुणी मध्येच उठायचं नाही. एरवी घरोघर फिरून गोळा होणाऱ्या सह्या आज माणसं बसल्या जागी करत आहेत. माझ्या मते सभेची निम्मी किंमत इथेच वसूल झाली.

भाऊसाहेब बाबवार वाचू लागतात. दिवाबत्ती. टीसीएल पावडर. गटार सफाई. पंपाचं वीजबिल. स्टेशनरी. प्रत्येक बाबीला कुणीतरी हात वर करतं. टीसीएल किती पोती आली, टाकीत किती पडली, टाकी कधी धुतली? "टाकी धुवायचे पैसे दोनदा लावल्यात. आम्ही एकदाच बघितली धुताना." भाऊसाहेब व्हाउचर काढून दाखवतात. दुसरी तारीख यात्रेच्या आदल्या दिवसाची निघते, आणि मागच्या रांगेतला एक जण सांगतो की त्या दिवशी शिडी त्यानेच धरली होती. प्रश्न मिटतो. विचारणारी बाई "मग बरोबर हाय" म्हणून खाली बसते. संशय मनात ठेवून घरी जाण्यापेक्षा हे किती चांगलं!

रस्त्याचा विषय निघतो तेव्हा आवाज चढतात. वरच्या आळीचा रस्ता पावसात वाहून गेला, तो का होत नाही? पैसे शिल्लक दिसतात ना खात्यात? भाऊसाहेब सांगतात की शिल्लक आहे ती बंधित निधीची. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला असतो, उरलेल्या 40 टक्क्यांतच गावाला बाकीची कामं बसवावी लागतात. सभेला हे उत्तर पटत नाही, पण कळतं. वर्षभर हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून "पैसे पडून आहेत, काम करत नाहीत" एवढंच गावभर फिरत राहिलं.

आता बी.कॉम. झालेली एक मुलगी मोबाइल घेऊन उभी राहते. ई-ग्रामस्वराजवर पंचायतीने भरलेली माहिती ती मोठ्याने वाचते. "शाळेसाठी पाणी शुद्धीकरण संच. काम पूर्ण. रक्कम अदा." मग मोबाइल खाली घेऊन विचारते, "माझा भाऊ चौथीत आहे. तो रोज घरून बाटली नेतो. संच कुठाय?"

कुणीच बोलत नाही. दोन पोरं चपला न घालता शाळेकडे पळतात. मैदान ओलांडलं की शाळा. ती परत येईपर्यंत सभा थांबते, आणि सरपंचताईही घाई करत नाहीत. पोरं धापा टाकत येतात. "हाय! हाय, पर खोक्यातच हाय. वरती खडूंची पेटी ठेवलीया."

मुख्याध्यापक उठतात. संच दिवाळीच्या आधी आला. बसवायला भिंतीत विजेचा पॉइंट हवा आणि नळाचा फाटा हवा. ते काम अंदाजपत्रकात धरलंच नव्हतं. त्यांनी पंचायतीला पत्र दिलं, पत्राची पोच आहे. भाऊसाहेब म्हणतात, पॉइंटचा खर्च शाळेच्या अनुदानातून व्हायचा होता. मुख्याध्यापक म्हणतात, तसं लेखी कुठेच नाही.

मला या जागी थांबावंसं वाटतं. इथे कुणी पैसा खाल्लेला नाही. लेखापरीक्षक आला तर त्याला बिल सापडेल, साठा नोंदवहीत नोंद सापडेल, खोक्यातली वस्तूही सापडेल. कागद सगळा चोख आहे, आणि पोरं सहा महिने घरचं पाणी पितात. भ्रष्टाचार पकडायला आपल्याकडे कायदे आहेत, खाती आहेत. पण एका पॉइंटवाचून अडलेलं काम 'पूर्ण' म्हणून नोंदवलं जातं, त्याला पकडायला जवळ राहणारी, रोज बघणारी माणसंच लागतात. त्या मुलीने विचारलं नसतं तर ते खोकं पुढच्या वर्षीही तिथेच असतं. तिथल्या तिथे एक वायरमन उठतो आणि पॉइंट उद्या काढून देतो म्हणतो. सरपंचताई त्याला थांबवतात. "फुकट नको. बिल दे, मंजूर करतो. नायतर परत कागदावर काय येत न्हाई."

मग पाण्याचा विषय. गाव खरं तर याच्यासाठीच जमलं आहे.

कालच्या महिला ग्रामसभेचा ठराव आधी वाचायचा, असा बायकांचा आग्रह. ठराव साधा आहे. नळाला मोटार लावणाऱ्याचं कनेक्शन तोडा. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलेलं आहे. टाकी झाली, पाइप आले, दारोदार नळ आले. एप्रिल लागला की विहीर खाली जाते, आणि जे थोडं पाणी सुटतं ते खालच्या आळीतल्या मोटारी ओढून घेतात. वरच्या आळीत नळ नुसता सूं सूं करतो.

"पाणीपट्टी खालच्या आळीला जेवढी, तेवढीच आम्हास्नी," एक मावशी बोलतात. कमरेला पदर खोचून उभ्या आहेत. "ते गाया धुत्यात. आम्ही डोईवरनं आणतो. पट्टी मागायला शिपाई मात्र दोन्हीकडं सारखाच येतोय."

मागून एक तरुण कायदा काढतो. पैसे घेऊन सेवा देता तर आम्ही ग्राहक, 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जिल्हा आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही, जाऊ साताऱ्याला. निवृत्त गुरुजी त्याला हाताने खाली बसवतात. "जा की. पण घरपट्टी हा कर आहे आणि पाणीपट्टी हा मोबदला आहे, हे आधी समजून घे. घरपट्टीसाठी तू ग्राहक नाहीस, गावाचा करदाता आहेस. पाण्यासाठी म्हणशील तर तुझी बाजू मांडता येईल. पण तिथे निकाल लागेपर्यंत मावशीने काय प्यायचं? मोटार कुणाच्या घरी आहे ते इथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे."

ठाऊक आहे, पण नाव कुणी घेत नाही. भावकी, सोयरीक, निवडणूक, सगळं त्या एका नावाला चिकटलेलं. मग एक म्हातारा हळूच म्हणतो, "आधी सरपंचांच्या दिरापासनं सुरू करा." सभामंडपात सगळे सरपंचताईंकडे बघू लागतात. त्या क्षणभर टेबलाकडे पाहतात. मग भाऊसाहेबांना म्हणतात, "लिहा. घरं नंबरवारी तपासायची. आमचंबी घर नंबरात येतंय."

आणि आता ज्याचा आवाज कुणी अपेक्षिलेला नाही तो बोलतो. पाणी सोडणारा शिपाई. इतका वेळ घंटेखाली उभा आहे. "मी पहाटे चारला व्हॉल्व्ह फिरवतो. मला चार महिने पगार न्हाई. वसुली झाली की देतो म्हणत्यात. मोटारवाल्यांनी पट्टी दिली न्हाई, आन् ज्यांना पाणी मिळालं न्हाई त्यांनीबी दिली न्हाई. मग मी कुणाला मागू?"

याला उत्तर नाही. पाणी येत नाही म्हणून पट्टी भरत नाहीत, पट्टी येत नाही म्हणून पगार नाही, वीजबिल थकतं, आणि वीज तुटली की पाणी कुणालाच नाही. लोक कर चुकवतात म्हणून शहरात बसून बोलणाऱ्यांनी या माणसाला आणि त्या मावशींना एका सतरंजीवर बसवून ऐकावं. मोटारवाला असो की वरची आळी, 'थकबाकीदार' हा शब्द दोघांच्याही नावापुढे सारखाच लिहिला जातो. एकाने पाणी ओढून पट्टी बुडवली, दुसऱ्याने तहानेपोटी हात आखडला. वसुलीची नोटीस काढताना हा फरक करायलाच हवा असं मला ठामपणे वाटतं, आणि शिपायाचा पगार तर वसुलीच्या भरवशावर ठेवणंच चूक आहे.

घरपट्टीचा विषय निघतो तो एका आजीमुळे. प्लास्टिकच्या पिशवीत पावत्या घेऊन त्या सकाळपासून पहिल्या रांगेत आहेत. गेल्या साली 310 रुपये, यंदा 1,140. चार वर्षांनी फेरआकारणी होते, ती झाली. गुरुजी नमुना 8 ची नोंदवही मागतात, आजींचं पान काढतात आणि एका रकान्यावर बोट ठेवतात. बांधकामाचा प्रकार: आर.सी.सी.

"आजी, तुमच्या घराला स्लॅब आहे?"

"माती हाय. वर पत्रा. स्लॅप पुतन्याचा, शेजारी."

मोजणीला आलेल्या पोरांनी रस्त्यावरून पाहून दोन्ही घरं एकाच रकान्यात टाकली आहेत. गुरुजी खिशातली लग्नपत्रिका काढून तिच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडतात, आणि दहाबारा माणसं भोवती वाकून बघू लागतात. जमिनीचं क्षेत्रफळ गुणिले तिचा दर. त्यात बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा. आलेल्या रकमेला वापराचा भारांक. हे झालं भांडवली मूल्य, त्याच्या दर हजारी इतके पैसे म्हणजे घरपट्टी. आर.सी.सी. खोडून माती धरली की दर उतरतो, आणि घर जुनं म्हणून घसाराही जास्त बसतो. आकडा पुन्हा जुन्या पट्टीच्या आसपास येतो. आजींना सूत्र कळलेलं नाही, कळायची गरजही नाही. पण भोवतीच्या दहाबारा जणांना ते आज पहिल्यांदा कळलं आहे आणि त्यांतले तिघे लगेच आपापलं पान मागतात.

"सोमवारी स्थळपाहणी करतो," भाऊसाहेब म्हणतात.

"ठरावात घ्या," गुरुजी म्हणतात. "तारखेसकट."

मुंबईकरांचा प्रश्न उरतो. अकरा महिने घर बंद, मग पट्टी कशाची? इथे मी मुंबईकरांच्या बाजूचा नाही. घरपट्टी घराची आहे, राहण्याची नाही. बंद घरापुढचा दिवा रात्रभर जळतो, गटार वाहतं, आग लागली तर गावच धावतं. पण बंद नळाची पूर्ण वर्षाची पाणीपट्टी घेणं मला रास्त वाटत नाही, आणि सभेलाही वाटत नाही. लेखी अर्ज देऊन कनेक्शन बंद ठेवलं तर त्या महिन्यांची आकारणी नाही, असं ठरतं. सोपं होतं. आजवर कुणी सभेत मांडलं नव्हतं.

ठराव वाचून दाखवले जातात. पुढे घरकुलाची यादी आहे आणि ती ऐकायला मागची माणसं पुढे सरकत आहेत. तेवढ्यात एक पांढऱ्या टोपीचे मुंबईकर अण्णा टेबलाशी येतात, नोटा मोजून ठेवतात.

"तीस सप्टेंबरच्या आत भरली की पाच टक्के सूट ना? घरपट्टी आत्ताच घ्या. पाणीपट्टीचा अर्ज देतो, त्याची पोच द्या. दोन्ही कागद वेगळे."

"आज सुट्टी आहे अण्णा, पावती पुस्तक कपाटात आहे. पैसे ठेवा, पावती उद्या."

अण्णा नोटा उचलून खिशात घालतात. "मग पैसे बी उद्या. किती वाजता उघडता?"

"दहाला."

"दहाला येतो," अण्णा म्हणतात, आणि मागे उभ्या चौघांना सांगतात, "दहाला."