बॅटरीवर चालणारी गोल करवत : जुळणी व वापर

गोठ्याची डागडुजी किंवा कुंपणाचे फाटक अशा कामी, जेथे वीज पोहोचलेली नाही अशा मळ्यातही ही करवत उपयोगी पडते. मात्र तिची शक्ती तिच्या अंगातच असते. यास्तव पाते बदलणे किंवा खोली जुळविणे यांपैकी कोणतेही काम बॅटरी काढून बाजूस ठेवल्यावाचून करू नये.

पात्यावरील बाण यंत्रावरील बाणाशी जुळवावा. खालचे झाकण मागे सारून सोडताच झटकन मिटले पाहिजे; अडखळल्यास साचलेला भुसा काढावा. अडचण होते म्हणून झाकण तारेने बांधून ठेवणे हे तर बोटे गमावण्यास आमंत्रणच होय. पाते लाकडाखाली सुमारे ६ मिलिमीटरच डोकवावे.

खरे भय यंत्र उसळण्याचे आहे. दोन्ही टोकांवर टेकविलेली फळी मध्ये कापू लागताच वाकते, चीर मिटते व फिरते पाते चिमटले जाते. त्यासरशी करवत कापणाराच्या अंगावर मागे येते. म्हणून काप टेकूच्या बाहेर घ्यावा, म्हणजे तुकडा मोकळा सुटतो. लांब फळीस चिरेच्या दोन्ही बाजूंना जवळच टेकू द्यावेत. उभे राहणे पात्याच्या रेषेत नसावे. पाते अडकल्यास चाप सोडावा. ते पुरते थांबेपर्यंत करवत ओढू नये.

जुन्या लाकडातील खिळे आधी उपटावेत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. उपरणे वा सैल बाही नसावी. उन्हात तापलेली बॅटरी निवाल्यावरच चार्जरला लावावी.