चव कुणाची – जिभेची, नाकाची की डोळ्यांची?

सर्दीने नाक चोंदले की जेवताना आपण म्हणतो, "तोंडाला चवच नाही." आमटी रोजचीच असते, जीभही तीच असते. मग बिघडते काय? नीट लक्ष दिले तर असे दिसते की आमटीतले मीठ कळते, चिंचेचा आंबटपणा आणि गुळाचा गोडवाही कळतो. हरवते ती हिंगाची, जिऱ्याची, कढीपत्त्याची ओळख. म्हणजे जिभेचे काम चालूच असते, बंद पडलेले असते ते नाक. २०२० साली सुरू झालेल्या कोविडच्या साथीत कितीतरी जणांची चव गेली. त्यांपैकी बहुतेकांचा मुळात वास गेलेला होता.

जिभेला फार थोड्या गोष्टी कळतात : गोड, आंबट, खारट आणि कडू. यांत पाचवी भर पडली ती 'उमामी'ची. जपानमधील किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्रशेवाळाच्या सारातून तिचे कारण असलेले ग्लुटामेट वेगळे केले. तिखट ही मात्र या अर्थाने चव नव्हे. मिरचीतील कॅप्सेइसिनमुळे उष्णतेची व वेदनेची जाणीव देणारे चेतातंतू उत्तेजित होतात, म्हणूनच मिरचीचा हात डोळ्याला लागला तरी आग होते.

नाकाची ऐपत याहून खूप मोठी आहे. माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारची गंधग्राही प्रथिने असतात. ही प्रथिने तयार करणाऱ्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला व त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नाकाला दारेही दोन असतात. पुढचे दार म्हणजे नाकपुड्या. मागचे दार घशाच्या वरच्या बाजूला, तोंडाच्या मागे उघडते. घास चावताना सुटलेले वासाचे रेणू उच्छ्वासाबरोबर या मागच्या दाराने वर जातात. पण घास तोंडात असल्यामुळे मेंदू तो वासही तोंडाच्याच खात्यावर जमा करतो. जिभेची चव आणि नाकाचा वास मिळून जे बनते त्याला आपण या लेखापुरते 'स्वाद' म्हणू.

हे सांगण्यापेक्षा करून पाहणे सोपे आहे. संत्र्याच्या आणि अननसाच्या स्वादाच्या साखरेच्या गोळ्या वेगवेगळ्या पेल्यांत पाण्यात विरघळवून घ्या. एका विद्यार्थ्याने डोळे मिटून नाक चिमटीत धरावे व तोंडाने श्वास घ्यावा. दुसऱ्याने स्वच्छ चमच्याने एक घोट द्यावा. कोणता पेला, हे नाणे उडवून ठरवावे. दर वेळी मध्ये साध्या पाण्याने चूळ भरावी. असे सहा वेळा नाक बंद ठेवून आणि सहा वेळा नाक उघडे ठेवून करावे. नुसत्या अंदाजाने सांगितले तरी सहापैकी साधारण तीन उत्तरे बरोबर येऊ शकतात, हे मुलांना आधी समजावून द्यावे. नाक बंद असताना 'गोड-आंबट' याच्या पुढे सहसा जाता येत नाही. चव तोंडात असतानाच नाक सोडले की क्षणात संत्रे किंवा अननस 'येते'. तो क्षण मुलांच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखा असतो.

या प्रयोगात आमच्या हातून एकदा चूक झाली. एका शिक्षक-शिबिरात आम्ही आधी फळ्यावर नाकाची आकृती काढून सगळे समजावले आणि मग प्रयोग करवला. बहुतेक कागदांवर आले, 'नाक बंद असताना काहीच चव कळली नाही.' गोडसुद्धा कळले नाही! हे शक्य नव्हते. ते कागद जिभेने लिहिले नव्हते, आमच्या भाषणाने लिहिले होते. तेव्हापासून आम्ही प्रयोग आधी करतो, स्पष्टीकरण मागून देतो.

आता डोळ्यांकडे वळू. एकाच पातेल्यातले लिंबाचे सरबत तीन पेल्यांत ओता. एक तसेच ठेवा, दुसऱ्यात खाण्याच्या केशरी रंगाचे आणि तिसऱ्यात हिरव्या रंगाचे एक-दोन थेंब टाका. बीट किंवा हळद वापरू नका, त्यांना स्वतःची चव आणि वास असतो. मुलांनी आपापसात न बोलता प्रत्येक सरबत कशाचे ते लिहावे.

सातवीच्या एका वर्गात आम्ही हे केले तेव्हा अनेकांनी केशरी पेल्याला संत्रे ठरवले, हिरव्याला काहींनी कैरी म्हटले. एका मुलीने मात्र लिहिले, 'तिन्ही लिंबाचीच.' मग तिने शेजारणीच्या वहीत डोकावून पाहिले, आपली ओळ खोडरबराने पुसली आणि इतरांसारखेच लिहिले. गुपित फोडल्यावर ती म्हणाली, "मला आधी तसंच वाटलं होतं." वर्ग हसला. वहीत खोडल्याची खूण होती म्हणून बरे. का पुसलेस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "सर, तुम्ही तीन पेले दिलेत, मग उत्तरंही तीनच असणार ना?"

रंगाला फसण्यात कमीपणा नाही. फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात द्राक्षमद्याचे शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. पांढऱ्या मद्यात गंधहीन लाल रंग मिसळून दिल्यावर त्यांनी त्याच्या वासाचे वर्णन लाल मद्याला वापरतात त्या शब्दांत केले. हिरवे केळे तुरट आणि पिवळे गोड, असे अनुभव मेंदू जन्मभर साठवतो. त्यामुळे घोट जिभेवर पडण्याआधीच डोळे अंदाज बांधून मोकळे होतात. एरवी तो उपयोगी पडतो, प्रयोगात मात्र त्याला बाजूला ठेवावे लागते. म्हणून हाच प्रयोग डोळे मिटून पुन्हा करावा. फरक नाहीसा झाला तर तो डोळ्यांनी आणलेला होता.

डोळ्यांचा असा प्रभाव छापील चित्रातूनही पडतो. शेंड्याला गोड, मागे कडू असा जिभेचा नकाशा आपल्यापैकी अनेकांनी फळ्यावर काढला असेल. हेनिग या जर्मन संशोधकाला १९०१ साली जिभेच्या भागांमध्ये थोडेसेच फरक आढळले होते. पुढे चित्रांत ते अवास्तव वाढले. व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी १९७४ साली पुन्हा तपासणी केली, तेव्हाही फरक किरकोळच निघाले. चव घेणाऱ्या जिभेच्या सर्व भागांना सर्व चवी कळतात. 'मला शेंड्यालाही खारट लागते' असे सांगणाऱ्या किती मुलांना आपण 'नीट बघ' म्हणून गप्प केले असेल!

त्या दिवसापासून आम्ही निरीक्षणे पेनने लिहायला सांगतो. पुसायचे नाही. मत बदलले तर खाली नवी ओळ लिहायची आणि का बदलले तेही लिहायचे. चुकीच्या उत्तराला गुण कापायचे नाहीत, कारण येथे चूक उत्तर नसतेच, असते ती फक्त नोंद.

हे प्रयोग आपल्या वर्गात जरूर करून पाहा. त्याआधी कुणाला काही खाण्याची बंदी, उपवास किंवा ॲलर्जी आहे का ते विचारून घ्या. आणि आलेल्या नोंदी, विशेषतः इतरांशी न जुळणाऱ्या, आम्हाला अवश्य कळवा.