भूल दिल्यावर आपण खरंच ‘स्विच ऑफ’ होतो का?

ऑपरेशनच्या वेळी पूर्ण भूल दिली की मेंदू फोनसारखा बंद पडतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात तसं होत नाही.

पूर्ण भूल म्हणजे सहसा एकच औषध नसतं. एका औषधाने शुद्ध हरपते, दुसऱ्याने वेदना दबतात आणि गरज असेल तर तिसऱ्याने स्नायू सैल पडतात. खरी अडचण या तिसऱ्यात आहे. पहिलं औषध कमी पडलं, तर पेशंटला जाग असते पण बोटही हलवता येत नाही.

मग जाग ओळखायची कशी? १९७७ साली ब्रिटिश भूलतज्ज्ञ मायकल टनस्टॉल यांनी साधी युक्ती वापरली. स्नायूंचं औषध देण्याआधी दंडाला पट्टा आवळायचा. औषध त्या हातात पोचत नाही, म्हणून पेशंट सांगितल्यावर हात दाबू शकतो. २०१७ च्या एका अभ्यासात श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर २६० पैकी १२ पेशंटनी असा प्रतिसाद दिला.

आता दुसरा आकडा बघा. ब्रिटन आणि आयर्लंडच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत, ‘मला जाग होती’ असं नंतर सांगणारे साधारण १९,००० मध्ये एक निघाले. एवढा फरक कसा? मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून असं समजून घेतो: प्रोग्रॅम चालू असणं वेगळं आणि त्याची नोंद लॉगमध्ये सेव्ह होणं वेगळं. भुलीची औषधं आठवण साठवणंही थांबवतात.

कपाळावर सेन्सर लावून मेंदूच्या लहरींवरून ० ते १०० आकडा दाखवणारं ‘बिस’ नावाचं मशीनही आहे. ऑपरेशनच्या वेळी तो ४० ते ६० मध्ये ठेवतात. पण हा अल्गोरिदमचा अंदाज आहे. केटामीनसारख्या औषधाने तो फसतो. अमेरिकेत २००८ साली सुमारे २,००० पेशंटवर झालेल्या अभ्यासात एका गटाला बिस लावलं, दुसऱ्या गटात श्वासातल्या भुलीच्या वायूचं प्रमाण मोजलं. जाग आठवणारे दोन्हीकडे दोन-दोनच निघाले. म्हणजे मशीन असलं तरी लक्ष ठेवणारा माणूस लागतोच.

त्यामुळे ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना चालू औषधं, दारूची सवय आणि आधी कधी भुलीत जाग आली असेल तर तेही स्पष्ट सांगा, घरचे समोर असले तरी लपवू नका. आणि ऑपरेशननंतर काही आठवलं, तर ‘स्वप्न असेल’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. ती भीती मनात वर्षानुवर्षं राहू शकते, आणि तिच्यावर उपचार आहेत.