नावाखालचे नाव : डोमेनला उपक्षेत्र कसे जोडतात?

मिरकरवाड्याला पाठवायच्या पाकिटावर आपण पत्ता लिहितो तो लहानाकडून मोठ्याकडे : माणूस, घर, मिरकरवाडा, रत्नागिरी, महाराष्ट्र. टपालाची वाटणी मात्र उलट क्रमाने होते. आधी राज्य, मग जिल्हा, शेवटी घर. इंटरनेटवरील नावेही अशीच उजवीकडून वाचली जातात.

हवामान खात्याचे संकेतस्थळ घ्या : 'मौसम डॉट आयएमडी डॉट गव्ह डॉट इन'. 'इन' म्हणजे भारत, 'गव्ह' म्हणजे शासन, 'आयएमडी' म्हणजे ते खाते. 'मौसम' ही खात्याने स्वतःच्या नावाखाली काढलेली शाखा. हिलाच सबडोमेन किंवा उपक्षेत्र म्हणतात.

संगणक एकमेकांना अंकी पत्त्याने ओळखतात. पूर्वी सगळ्या नावांची व पत्त्यांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. संगणक वाढले तशी ती आवाक्याबाहेर गेली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, ही रचना मांडली. प्रत्येक पातळीने फक्त आपल्या खालच्या पातळीची नोंद ठेवायची, हे तिचे तत्त्व.

समजा, मच्छीमारांना वादळाची सूचना देण्यासाठी 'मिरकरवाडा.भारत' असे नाव घेतले. ('.भारत' हे देवनागरी क्षेत्र २०१४ पासून उपलब्ध आहे.) त्याखाली 'हवामान.मिरकरवाडा.भारत' हवे असेल तर नवे नाव विकत घ्यावे लागत नाही. आपल्या नामसेवकाच्या वहीत एक ओळ वाढवली की झाले. ती तीन प्रकारची असू शकते :

१. ए नोंद : नावापुढे थेट अंकी पत्ता, उदाहरणार्थ २०३.०.११३.२५. पत्ता नव्या, १२८ बिटांच्या पद्धतीचा असेल तर 'चार ए' नोंद.

२. सीनेम नोंद : 'या नावाचा पत्ता त्या दुसऱ्या नावाला विचारा.' अशा नावापुढे इतर माहितीची नोंद ठेवता येत नाही.

३. एनएस नोंद : 'या शाखेचा कारभार दुसऱ्या नामसेवकाकडे सोपवला आहे.'

प्रत्येक नोंदीला आयुष्य असते, ते सेकंदांत लिहितात. ८६,४०० लिहिले तर विचारणाऱ्याकडचा सेवक ते उत्तर एक दिवस लक्षात ठेवतो आणि तोवर पुन्हा विचारत नाही. यामुळे जगभराची वर्दळ वाचते. पण धोकाही इथेच आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ कोकण किनाऱ्याजवळून गेले. तशा एखाद्या दिवशी आपण संकेतस्थळ दुसऱ्या यंत्रावर हलवले, तर काही होड्यांना नवी सूचना मिळेल आणि काहींना दिवसभर जुन्या, बंद यंत्राचा पत्ताच मिळत राहील. म्हणून बदलाच्या किमान एक दिवस आधी हे आयुष्य ३०० सेकंदांवर आणतात, मग पत्ता बदलतात, आणि सर्व स्थिर झाल्यावर ते पुन्हा वाढवतात.

'असे नाव नाही' हे उत्तरही काही काळ लक्षात ठेवले जाते. त्यामुळे आधी नोंद करावी आणि मगच नाव जाहीर करावे. उलट, यंत्र सोडून दिले तर नोंदही खोडावी. तो रिकामा पत्ता उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती गेला, तर आपल्याच नावाने खोटी सूचना निघू शकते आणि वाचणाऱ्याला तिच्यावर संशय घ्यायचे कारण उरत नाही.

वर्गात हे करून पाहता येईल. चार मुलांना 'मूळ', 'भारत', 'मिरकरवाडा' व 'हवामान' अशा चिठ्ठ्या द्या. प्रत्येकाने फक्त पुढच्याचे नाव सांगायचे. पाचव्याने विचारत जाऊन पत्ता शोधायचा आणि उत्तर मिळताच ते वेळेसह वहीत लिहायचे. मग 'हवामान'ला गुपचूप जागा बदलायला सांगा. पाचवा अजून वहीतल्या जुन्या जागेकडेच जाईल. असे का, ते मुलांनाच सांगू द्या.